काकूंनी तीनदा दाबलेलं बटण

सोल, रविवार दुपार

प्रिय बोरामताई,

तुझा मेसेज परवाच आला. मी तो वाचलाय, हे तुला दिसलंही असेल. उत्तर नाही म्हटल्यावर तू मनात म्हणाली असशील, दासोमला सोलचं वारं लागलं. तसं नाही गं. फोन करायचा धीर होईना. फोनवर तू नेहमीसारखी "जाऊ दे गं, जेवलीस का?" म्हणाली असतीस आणि मी पुन्हा सुटले असते. तू बॅक-एंड का सोडलंस, त्याबद्दल लिहायचंय. आणि ते लिहिताना मान वर होत नाहीये.

देजॉनच्या त्या सरकारी खर्चाच्या कोडिंगच्या वर्गात कू सरांनी विचारलं होतं, फ्रंट-एंड की बॅक-एंड? लोकांना दिसणारे स्क्रीन करणार, की मागे माहिती सांभाळणारा सर्व्हर? तू आठवडाभर घोळ घातलास. काकू आईच्या काळजीने म्हणाल्या, "पुढचं घे बाई, चारचौघांना दाखवता तरी येईल. मागचं काम मी वीस वर्षं करतेय, हात तिखटात आणि नाव कुणाला ठाऊक नाही." आणि मी तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, "ताई, तुझं डोकं बॅक-एंडचंच आहे." ते खरंच होतं. पण मी ते खरं म्हणून बोलले नव्हते. आपल्या जोडीत पुढचं मला हवं होतं, आणि मागचं मला झेपणार नव्हतं.

काकूंचं दुकान आहे त्या बाजारात संध्याकाळी कुठल्या तोंडीलावण्याचे किती डबे उरलेत, ते लोकांना घरबसल्या दिसावं, ही कल्पना तुझीच. तू चार आठवडे सर्व्हर लिहीत होतीस. तो तयार होईपर्यंत मी माझ्या स्क्रीनमध्ये खोटे आकडे भरून काम चालवलं. सगळेच फ्रंट-एंडवाले तसं करतात, त्यात पाप नाही. सर्व्हर झाला की ते काढायचे असतात, आणि मी काढलेही होते.

शेवटच्या दिवशी कंपन्यांची माणसं बघायला येणार होती. सकाळच्या तालमीत तुझ्या सर्व्हरला पहिल्यांदा माहिती आणायला पाच-सहा सेकंद लागले आणि तेवढा वेळ माझं पान कोरं राहिलं. कू सर हसून म्हणाले, "काय दासोम, दुकान उघडलं नाही वाटतं अजून?" सगळा वर्ग हसला. झालं, माझं डोकं फिरलं. तू पाणी आणायला गेलीस तेवढ्यात मी तुझ्या सर्व्हरची जोडणी तोडली आणि खोटे आकडे परत लावले. तुला सांगायचं राहून गेलं, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. राहून नव्हतं गेलं. सांगितलं नाही.

आणि मग तू पाहुण्यांना म्हणालीस, "आता बाजारातून माझी आई मुळ्याच्या किमचीचे डबे विकल्याचं बटण दाबेल, आकडा कमी होताना बघा." सात होते. सातच राहिले. तू फोनवर हळूच "आई, दाब ना" म्हणत होतीस, आणि पलीकडून काकूंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "अगं तीनदा दाबलं! बोट मोडायचं राहिलंय आता!" एका पाहुण्याने विचारलं, "मागचं काम कुणाचं?" तू कमरेत वाकून म्हणालीस, "माझं. चूकही माझीच." मी हातभर अंतरावर उभी होते, ताई.

त्याच पाहुण्यांतल्या एकाला माझे स्क्रीन आवडले आणि मी सोलला आले. तू काकूंच्या दुकानात उभी राहिलीस. पुढे एकदा जेवायला आले होते तेव्हा काकू म्हणाल्या, "मला मेलीला फोन नीट वापरता येत नाही, माझ्यापायी पोरीचं नुकसान झालं." मी तेव्हाही किमची वाढून घेत होते. शी!

परवा तू लिहिलंस, की तुझ्या धाकट्या बहिणीला, सेबोमला, त्याच वर्गात प्रवेश मिळालाय आणि येत्या शुक्रवारी तिने निवड कळवायची आहे. तिला बॅक-एंड हवंय. "तूच तिला समजाव," लिहिलंस, "म्हणावं, आपल्या घरच्यांच्या डोक्याचं ते काम नाही, ताईचं काय झालं बघ." ते वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. आठवतं, त्या संध्याकाळी तू मला म्हणालीस, "तो सर्व्हर तूच बंद करून टाक, मला बघवत नाही"? बंद करण्याआधी मी त्यातली नोंद पाहिली. सात. मग सहा, पाच, चार. काकूंचं बटण तिन्ही वेळा पोचलं होतं. तुझं काम एका आकड्यानेही चुकलं नव्हतं, आणि हे माहीत असलेली मी एकटीच होते. माफी मागायला तोंड नाही, मागत नाही. फक्त शुक्रवारच्या आत हे पत्र सेबोमला दे, आणि काकूंना मोठ्याने वाचून दाखव.

तुझीच म्हणवून घ्यायचीही लाज वाटणारी,
दासोम