आज्याची ढोलकी

सोमवार, दिवेलागण

मंदिरातल्या भजनात आज आमच्या वैष्णवीनं पहिल्यांदा ढोलकी वाजवली. सारे माना डोलवून राह्यले होते. आन् आमचे हे, तिचे बाबा, ज्याले त्याले सांगत सुटले, "रक्तातच हाय आमच्या! माह्या आज्यावर गेली पोरगी."

कोणता आजा? त्याले तं पोरीनं फोटोतही पाह्यलं नाही! सहा महिने तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठोकठोक कोणं केली? बोटायले चिंध्या बांधून कोणं वाजवलं? त्या चिंध्या मीच धुतल्या ना. एक डाव "बेटा, लय मेहनत घेतली तू" म्हटलं असतं तं यांची जीभ झडली असती काय?

घरी येऊन बोटायच्या चिंध्या सोडता सोडता पोरगी म्हणे, "आई, रक्तातच होतं तं मले इतके दिवस काहून येत नव्हतं?"

यांच्यावर ओरडाले तोंड उघडलं, आन् आठवलं. कटकट नको म्हणून तो डबा दोनदा तिच्या हातून हिसकावला, तो मीच.

आजही आल्या आल्या मीठ-मिरच्यायनं तिची दृष्ट काढली. शाबास म्हणाचं मातर मलेही सुचलं नाही.