खालच्या कप्प्यातली पुस्तकं

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आज माझे पाय जमिनीवर ठरत नाहीयेत, आणि फोनवर बोलायला गेले तर मी ऐनवेळी कच खाईन, म्हणून लिहायला बसले.

आमच्या वाचनालयात पाणी शिरलं, हे आईनं तुला सांगितलं असेलच. शिरलं नव्हतं, सोडलं होतं. पंधरा वर्षांच्या एका मुलीनं भरदुपारी बेसिनमध्ये बोळा कोंबून नळ पूर्ण सोडला आणि ती निघून गेली. खालच्या कप्प्यातली, म्हणजे लहान मुलांची, दोनेकशे पुस्तकं पावासारखी फुगली. पंख्याखाली एकेक पान सुटं करताना मी तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथे लिहीत नाही. कॅमेऱ्यात ती दिसली आणि प्रकरण पोलिसांत गेलं. पण वय लहान, म्हणून कोर्टाआधी सगळ्यांनी समोरासमोर बसावं असं ठरलं. ती, तिची आई, मी, आमचे दोन वाचक आणि बैठक चालवणाऱ्या एक बाई. मी नाखुशीनंच गेले. असल्या गप्पांनी काय होणार, असं वाटत होतं.

खोलीत टेबल नव्हतं, नुसत्या गोल मांडलेल्या खुर्च्या. मुलीला काही विचारलं की तिची आईच उत्तर द्यायची. बाईंनी तिला हळूच थांबवलं. माझी पाळी आल्यावर मी एका चार वर्षांच्या पोराबद्दल सांगितलं. तो रोज येऊन देवमाशाचं पुस्तक वाळलं का विचारतो. तेव्हा मुलीनं पहिल्यांदा मान वर केली. "तुम्ही मला सगळ्यांसमोर हाकललं होतं," ती म्हणाली. "पानं मी फाडली नव्हती."

मला आठवलं. मासिकांतली शब्दकोड्यांची पानं गायब व्हायची. एक दिवस ती तिथे बसलेली दिसली, आणि मी तिचं दप्तर उलटं करायला लावलं. त्यात काही सापडलं नाही, तरी तिला बाहेर काढलं. मी सारवासारव करणार, तेवढ्यात आमचे रोजचे वाचक, निवृत्त पोस्टमास्तर, खाकरले. "कोडी मी फाडतो. घरी निवांत सोडवायला," ते म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं, आणि फाशी देणारी मी! मी तिथेच सर्वांसमक्ष तिची माफी मागितली. तिला फिटंफाट म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ती म्हणाली, "नळ मात्र मीच सोडला. खाली लहान मुलांची पुस्तकं असतात, हे डोक्यातच आलं नाही." तिची आई ओढणीत तोंड लपवून रडली, आणि मीही.

दर शनिवारी तिनं आणि पोस्टमास्तरांनी मिळून पुस्तकं बांधायची, असं सगळ्यांनी ठरवलं. आज पहिला शनिवार. पाच पुस्तकं उभी राहिली रे! पोस्टमास्तरांनी एक पुठ्ठा उलटा चिकटवला, तर तिनं तो त्यांना सोडवून परत लावायला लावला. ते निमूटपणे लावत होते. मी इतकी हसले की वाचकांनी मलाच शांतता राखायला सांगितलं.

आता ज्यासाठी बसले ते. बाबांच्या नकाशावर शाई सांडली होती, त्यांचं ते काम गेलं, आणि तुला मार खाऊन मामाकडे राहायला जावं लागलं. तू नऊ वर्षांचा होतास. पुन्हा आपल्या घरात राहिलाच नाहीस, पाहुण्यासारखा येत राहिलास. शाई मी सांडली होती. तू दारातून मला बघितलं होतंस, हेही मला माहीत आहे. तू बोलला नाहीस आणि मी तीस वर्षं बोलले नाही. बाबांना सांगायचं राहूनच गेलं. आईला काल सांगितलं. ती म्हणाली, "हे मला काय सांगतेस? त्याला सांग." तर आता तुला सांगते आहे. तू ये, माझ्यासमोर बस आणि तुला काय काय सोसावं लागलं ते मला ऐकव. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुझीच,
ताई