डावीकडची बारी

भांडुप,
८ ऑक्टोबर २०२३

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गणपतीहून परतल्यावर पोचल्याचा फोन केला होता, पण तुम्हाला फोन पुरत नाही आणि मलाही. तुम्ही पलीकडून नखाने टकटक करणार, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि बाकीचं सगळं आई तिच्या मनासारखं सांगणार. त्यापेक्षा पत्र बरं. तुमच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून आपला पोस्टमन तरी खूश असेल, त्याच्या पिशवीत बिलांशिवाय काहीतरी असतं.

इकडे सगळं ठीक. आरोहीला शाळेच्या समूहगीतात पुढच्या रांगेत उभं केलंय. बाईंनी विचारलं की घरात कोण गातं, तर हिने ऐटीत सांगितलं, माझे आजोबा पालीचे मोठे भजनी बुवा आहेत. घरी आल्यावर मला म्हणाली, आजोबांचा आवाज कसा होता ते सांग. तिला तो आठवत नाही, तेव्हा ती फारच लहान होती.

बाबा, मला सांगता आलं नाही. चपात्या लाटता लाटता मी तो आठवायचा प्रयत्न केला. तुमचा चेहरा आला, रागावताना वर जाणारी भुवई आली, तुमचे शब्दसुद्धा आले, पण ते माझ्याच आवाजात. तुमचा आवाज माझ्या कानातून गेलाय. मी घाबरले, आणि खोटं कशाला सांगू, रडलेसुद्धा.

तो आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे, शिवाकाकांबरोबरच्या तुमच्या भजनी सवाल-जवाबाच्या, डबलबारीच्या कॅसेटवर. गणपतीत लावली तर उजवाच स्पीकर वाजला. शिवाकाका जणू पेटीसकट समोर येऊन बसले, आणि तुमची बारी आली की तुम्ही पऱ्याच्या पाण्यापलीकडे कुठेतरी गाताय असं वाटायचं. आई म्हणाली की दमटाने ॲम्प्लिफायरची डावी बाजू गेली, वस्तू जुनी झाली, विषय सोड. मग मी कॅसेट मुंबईला नेते म्हटलं, तर तुम्ही पाटावर जोरात दोनदा टकटक केलीत.

म्हणून मीच ठरवलंय. रत्नागिरीत रूपेश म्हणून एकजण आहे, जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. दसरा झाला की त्याला घरी पाठवते. नाही म्हणू नका.

आईला नमस्कार. रागावलात तरी माझ्यावरची माया आहे तेवढीच राहू दे.

तुमची,
रुपाली


वरची वाडी, पाली,
१४ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. रुपाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, म्हणून दुसऱ्यांदा.

भातं पिवळी झाली आहेत. खालच्या मळ्याची कापणी सुरू झाली, डोंगरउतारावरच्या वरकसचं अजून हिरवट आहे. तुझी आई सकाळपासून विळा घेऊन शेतात असते आणि दुपारी घरी येऊन मी काही काम केलं नाही म्हणून ओरडते. मी ऐकून घेतो. माझ्याकडे तसंही दुसरा इलाज नाही.

आरोही पुढच्या रांगेत उभी राहते हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं, आवाज छातीतून काढ, मान ताणू नकोस.

आता ॲम्प्लिफायरचं. तो मी बोटीवर असताना कोबे बंदरातल्या एका दुकानात घेतला, हे तू शंभरदा ऐकलं आहेस, पण एक गोष्ट कधी सांगितली नाही. दुकानदाराने मला स्पीकरच्या दोन पेट्यांच्या समोर मधोमध उभं केलं आणि एक तबकडी लावली. एक बाई गात होती. भाषा कळत नव्हती. माझ्यासमोर पेटी नव्हती, नुसती भिंत होती, आणि ती बाई त्या भिंतीपाशी उभी राहून गात होती. मी पुढे जाऊन तिथे हात फिरवला. दुकानदार हसला. मी तेव्हाच ठरवलं की ही जागा आपल्या ओटीवर न्यायची.

डबलबारी आम्ही मुद्दाम तशीच भरली होती. डावीकडचा माइक माझ्यासमोर, उजवीकडचा शिवासमोर. त्याने गाऊन सवाल टाकायचा, मी गाऊन जवाब द्यायचा. भर दुपारी आपल्याच ओटीवर बसलो होतो, बाहेर आमसुलं वाळत घातली होती.

अजूनही दुपारचं जेवण झालं की मी ती लावतो. पुढचा दिवा पेटतो, थोड्या वेळाने ॲम्प्लिफायरची लाकडी पेटी कोमट होते, लाकडाचा वास येतो. शिवा जाऊन इतकी वर्षं झाली, पण सवाल टाकताना अजून तसाच माज करतो. मग माझी बारी येते. उजव्या पेटीतून नुसती सर्र सर्र ऐकू येते, आत कुठेतरी लांबवर मी. तेवढा वेळ मी डोळे मिटून बसतो. आंब्याची सावली ओटीवरून उतरून अंगणात जाते, आणि पुन्हा शिवा सुरू होतो. माझं काही अडत नाही.

तेव्हा रूपेशला त्रास देऊ नकोस. कापणीच्या दिवसांत घरी कुणी नसतं. हे राहू दे.

जावईबापूंना आशीर्वाद. म्हाताऱ्याचं ऐकत नसलीस तरी त्याला धरून राहा.

तुझा,
बाबा


भांडुप,
२० ऑक्टोबर २०२३

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला वेगळं पत्र लिहिते आहे याचं नवल वाटेल. बाबांना वाचून दाखवू नकोस.

रूपेशशी फोनवर बोलले. एकच बाजू वाजते म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा हेच विचारलं की आवाज डावीकडे-उजवीकडे वाटणारं बटण मधे आहे का बघा. मी हो म्हणायला गेले आणि थांबले. मला आठवलं की त्या जागी बटणच नव्हतं. नुसती लोखंडी काडी होती आणि तिच्यापुढे तू फुलवातींचा डबा ठेवला होतास. पावसाळ्यात काडेपेटी आणि वाती तू त्या ॲम्प्लिफायरच्या उबेवर सुकवतेस हे मला माहीत आहे. पण डबा त्याच्या डोक्यावर असतो, पुढे नव्हे.

बाबाही दुरुस्तीला नको म्हणतात. त्यांनी आणलेली वस्तू, जिला आम्हाला लहानपणी हात लावू दिला नाही, ती अर्धी बंद पडते आणि ते स्वतः उघडूनही बघत नाहीत, हे मला पटत नाही.

आई, मला फक्त त्यांचा आवाज ऐकायचाय. काय आहे ते मला सांग. कापणीत पाठ सांभाळ, आणि प्रश्न विचारले म्हणून मला दूर लोटू नकोस.

तुझी,
रुपाली


पाली,
२७ ऑक्टोबर २०२३

चि. रुपालीस,
आईचा आशीर्वाद.

माझं अक्षर तुला लागलं नाही तर पुन्हा वाच, पुन्हा लिहिणार नाही. पाठ दुखते आहे. तू विचारलंस म्हणून तीही आठवली.

बटण माझ्या मिसळणाच्या डब्यात आहे, मोहरीच्या वाटीत. मीच उपटलं आणि त्याआधी पार उजवीकडे फिरवलं. दमट बिमट काही नाही. मी केलं आणि चांगलं केलं.

तू तेव्हा बाळाला घेऊन मुंबईला होतीस. हॉस्पिटलातून त्यांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ती कॅसेट लावली. मी चुलीपाशी होते. आवाज आला तशी मी बाहेर आले. हे मांडीवर दोन्ही हात ठेवून त्या पेटीकडे बघत बसले होते. घरात कुणी परका येऊन आपल्या जागेवर बसावा तसं बघत होते. संपेपर्यंत हलले नाहीत. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले ते उठायलाच तयार नाहीत. पेज नको, पाणी नको. गळ्याची जखम ओली होती. डॉक्टर म्हणाले होते की अंगात ताकद राहिली नाही तर काही खरं नाही. मी चमच्याने पेज भरवून त्या माणसाला परत आणलंय, तुला फोनवर यातलं काही कळवलं नाही.

मग एकदा पुसताना बटण फिरवलं. परत कॅसेट लावली तेव्हा शिवाभावोजींचाच आवाज आला. मी म्हटलं, बिघडला वाटतं दमटाने. त्यांनी मान हलवली. त्या दिवशी भाकरी खाल्ली. तेव्हापासून भजनी मंडळाच्या पोरांना बोटांनी ताल शिकवतात, बागेत जातात, माझ्याशी भांडतात.

तुला आवाज पाहिजे. मला माणूस पाहिजे. लेक म्हणून तुझं चुकत नाही, पण रूपेशला पाठवलंस तर मी त्याला ओटी चढू देणार नाही. त्यांना यातलं काही ठाऊक नाही आणि होऊही द्यायचं नाही.

आरोहीला तांदळाचे लाडू पाठवते. माझा राग धरू नकोस, तुझ्याशिवाय मी कुणावर चिडू.

आई


वरची वाडी, पाली,
४ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. रुपाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीला आरोहीला घेऊन ये. कॅसेट तुला नीट ऐकवतो, दोन्ही बाजूंनी. मोबाइलमध्ये भरून घ्यायची असेल तर तशीही घे. रूपेशची गरज नाही.

पोस्टमनने तुझं पाकीट माझ्या हातात दिलं, नाव आईचं. मी फोडलं नाही, तिला नेऊन दिलं. पण लग्न होऊन गेल्यापासून तू तिला वेगळं पत्र कधी लिहिलं नाहीस. ती ते परसात जाऊन वाचून आली आणि येता येता ॲम्प्लिफायरकडे बघून गेली. मग तू तिला काय विचारलंस ते मला कळलं.

बाळ, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ज्याने तो डोळ्यांत तेल घालून जपला, त्याला एक बटण गेलेलं दिसणार नाही का? दमटाने गंज चढतो, बटणं पळून जात नाहीत. त्या काडीला बोटाने वळवलं असतं तरी चाललं असतं. पण मी बिघडला म्हणून मान हलवली तेव्हा तुझ्या आईने जो श्वास सोडला तो मी बघितला होता. ती पुसायला आली की फडकं त्या काडीवरून फिरवून ती जागची हलली नाही ना ते बघते. मला वाटलं, आपल्याला कुणी एवढं राखत असेल तर राखू द्यावं.

आणि दुसरंही आहे. डावीकडे आवाज नसतो तेव्हा माझ्या बारीला मी मनात गातो. तिथे दम लागत नाही. सूर घसरत नाही. शिवाच्या सवालाला मी रोज नवा जवाब देतो, आणि काही जवाब त्या दिवशीपेक्षा सरस असतात. ती रिकामी जागा मला आवडायला लागली होती. ती भरली तर माझं गाणंच जाईल अशी भीती वाटायची. म्हणून तुला नको म्हटलं.

पण तू लिहिलंस की माझे शब्द तुला तुझ्या आवाजात ऐकू येतात. मला वाटायचं आवाज माझा होता, माझा गेला, मला ऐकायचा नाही, विषय संपला. तो तुझाही होता हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आरोहीचा तर तो अजून व्हायचा आहे.

काल दुपारी आई मागीलदारी भांडी घासत होती. मी फुलवातींचा डबा बाजूला केला, काडी चिमटीत धरून मधे आणली आणि कॅसेटची दुसरी बाजू लावली. ती आम्ही फारशी लावत नसू. शिवाचा गजर संपला आणि डावीकडून पखवाज घुमला. मी पेट्यांच्या मधोमध बसलो होतो. गाण्याआधी त्या दिवशी मी काय बोललो होतो ते मी पार विसरलो होतो. माझा घसा सुकला असावा. पेटीतून मोठ्याने, खणखणीत ऐकू आलं, मैना, वाईच पाणी दे गो.

मागीलदारी भांडं पडलं. आले, आले, असं तुझ्या आईचं ऐकू आलं. मी उठून कॅसेट थांबवणार होतो, तेवढ्यात ती माजघरातून बाहेर आली, हात कोपरापर्यंत राखेने भरलेले, आणि हातात पाण्याने भरलेला तांब्या. माझ्यापुढे तिने तो धरला. मग तिने माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं. डावीकडे मी गायला लागलो होतो.

ती आत गेली नाही. रडली, पण तिथेच माझ्याशेजारी बसून, आणि बारी संपेपर्यंत बसली. मला तहान नव्हती. तरी तांब्यातलं सगळं पाणी मी प्यायलो.

दोघांचेही आशीर्वाद. आम्हा दोघांवर जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
बाबा