मेव्हण्याचा कॉम्प्युटर

२ मे १९८९, डोंबिवली
सगुणाचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा देवराम, मस्कतहून सुट्टीवर आलाय. येताना कॉम्प्युटर आणलाय. तो टीव्हीला जोडूनच चालतो आणि शहाडला त्याच्या आईकडे टीव्ही नाही, म्हणून चौदा तारखेपर्यंत आमच्याकडे ठेवून गेला. जाताना म्हणाला, "भावोजी, फक्त उघडू नका." हे मला सांगतो! मानपाड्याच्या कारखान्यात मेंटेनन्स कोण बघतं? असो. धूळ जाऊ नये म्हणून मी स्वतः माप घेऊन कव्हर शिवून घेतलंय. वर रेक्झिन, आत फ्लॅनेल, बटणांपुरती खिडकी.

५ मे
आमच्या चित्राने मामाला दाखवायला प्रोग्रॅम केलाय. टीव्हीवर होडी चालते. आज होडी मध्येच अडकली, मग नुसते पट्टे. सगुणा म्हणाली, हात लावून बघा, केवढा तापलाय. तापणारच, करंट नीट पोचतोय. दोष व्होल्टेजचा आहे.

६ मे
स्टॅबिलायझर लावला. पट्टे आहेत, पण जास्त स्पष्ट.

७ मे, रविवार
उघडला. उघडणं वेगळं, तपासणं वेगळं. ब्रशने साफ केला आणि तसाच उघडा चालवला. दुपारभर होडी चालली. धूळच होती! झाकण लावलं, कव्हर चढवलं.
रात्री ८. पट्टे.

१० मे
सगुणा म्हणते, कव्हर काढून बघा. मग आत धूळ गेली तर जबाबदार कोण? निदान पक्कं झालंय: एक चिप वीक आहे. चित्राने विचारलं, कुठली? आता तेवढंच शोधायचं बाकी आहे.

१२ मे
कल्याणहून सोल्डरिंग गन आणली. संशयित चिप काढली. तिचे तीन पाय बोर्डातच राहिले. परत बसवली. आता पट्टेही येत नाहीत, म्हणजे निम्मा दोष गेला. चित्रा होडीचं विचारते. म्हटलं, रविवारी.

१४ मे
देवराम आला. कव्हर बघून हसला, मग हसायचा थांबला. "हे घालून चालवत होता? गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर पडते, भावोजी. तीच झाकलीत." मी चिपचं सांगितलं. त्याने झाकण उघडून बोर्ड बघितला. मग माझ्याशी नाही, सगुणाशी बोलला. कॉम्प्युटर परत न्यायचाच नव्हता, चित्रासाठीच आणला होता. चित्राने ऐकलं आणि आत निघून गेली. मला फार वाईट वाटलं.

२० मे
चित्रा अजून बोलत नाही. त्या चिपवर माझा संशय कायम आहे. कव्हर सगुणाने भाकरीच्या टोपलीवर घातलंय. सकाळच्या भाकऱ्या संध्याकाळपर्यंत गरम राहतात.