एकटी आलेली हरिणी

पोदगोरा,
संत आंद्रेयाच्या सणानंतरचा रविवार, डिसेंबर

प्रिय गाश्पर,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवरसुद्धा आपण हवापाण्यापलीकडे जात नाही. पण पोलोनाने तुझ्यासाठी एक निरोप दिला आहे, आणि तो फोनवर सांगायला गेलो तर माझा आवाज चढेल. कागदावर आवाज चढत नाही, म्हणून लिहायला बसलो. निरोप शेवटी देतो. आधी इकडची हकीकत वाच, कारण तिच्याशिवाय तो निरोप तुला कळायचा नाही.

डोंगरावर बर्फ उतरलं आहे. गावात अजून नुसता चिखल. पोलोनाने यंदाही सलगम पिंपात घालून आंबवायला ठेवले, तेही दरवर्षीइतकेच. मी म्हटलं, "अगं, नव्या वर्षाला तू इथे नसणार, मग एवढे कोण खाणार?" तर म्हणाली, "गाश्परला आवडतात. येईल तेव्हा नेईल." वर्षअखेरीपर्यंत तिने घर रिकामं करून खाली शहरातल्या वृद्धाश्रमात जावं, असं तू सांगून गेलास. तिथे जागा मिळाल्याचंही तूच कळवलंस. घर तुझं आहे, आईने पोलोनाला आणि मला, दोघा थोरल्या भावंडांना, सोडून ते तुझ्या नावावर केलं, त्याबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. तुला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत, तळघरात वाफेची न्हाणी करायची आहे. कर. पण ती न्हाणी करायची तिथेच तिची सलगमाची पिंपं आहेत, एवढं आपलं सांगून ठेवतो.

मी तिला माझ्याकडे ये म्हटलं. दोनच खोल्या आहेत, पण बायकोने स्वतःहून पलंगसुद्धा सरकवून ठेवला. पोलोना येत नाही. म्हणते, "मी तुझ्याकडे आले तर त्या घरात दिवा कोण लावेल? दिवा नसलेल्या घरी गाश्पर कशाला येईल?" पलंग अजून तसाच सरकवलेला आहे.

हंगाम आता संपत आला. कोणती हरिणी मारायची आणि कधी, हे ठरवायचं काम शिकारमंडळाने माझ्यावर टाकलं त्याला बरीच वर्षं झाली. हे काम कुणालाच नको असतं. नर मारायला सगळे पुढे, कारण शिंगं भिंतीवर टांगता येतात. मादीचं टांगणार काय? पण कळप आवरायचा तर माद्याच कमी कराव्या लागतात. नाही केल्या तर जंगलात फरच्या झाडाचं एक रोप हरणं गुडघ्यावर येऊ देत नाहीत, आणि फेब्रुवारीत खपाटीला गेलेली जनावरं ओढ्यात मरून पडलेली आपल्यालाच उचलावी लागतात. म्हणजे मारायचं हे ठरलेलंच असतं. प्रश्न असतो तो कधी, याचा. सप्टेंबरात पाडस अजून बरंचसं दुधावर असतं. डिसेंबरात बर्फ पडलं की अख्खा कळप आपण जंगलात चारा टाकतो त्या गव्हाणीपाशी येतो. तेव्हा सोपं जातं, पण ते जेवायला बसलेल्याला मारण्यासारखं आहे. शिवाय तेव्हा पोट फाडलं की आत पुढच्या वर्षीचं पाडस असतं, तळहाताएवढं. म्हणून मी मधला काळ धरतो, नरांचं ओरडणं थांबल्यापासून पहिल्या बर्फापर्यंतचा. तेव्हाही क्रम एकच: आधी पाडस, मग आई. शहरातल्या माणसाला हे ऐकून शहारा येतो. पण आईवाचून राहिलेल्या पाडसाला कळप जवळ करत नाही, ढुशा मारून हाकलतो, आणि ते हिवाळ्यात कुढत कुढत मरतं. त्यापेक्षा आपला क्रम दयेचा आहे.

आणि हरिणी एकटी दिसली तर थांबायचं. बाबा आपल्याला हेच शिकवायचे. तू लहान होतास, पण ऐकलं असशील: "एकटी हरिणी नसते रे. तिच्यामागे कोण आहे, ते तुला दिसलेलं नसतं." हे म्हणताना ते आपल्याकडे बघत नसत. बंदुकीच्या दस्त्याकडे बघत.

गेल्या महिन्यात तू आला होतास, त्या संध्याकाळी आपण वरच्या कुरणाच्या मचाणावर बसलो होतो. तू वर चढतानाच म्हणालास, "लोव्रो, आज तरी प्रवचन नको हं." मी हसलो. तू इतक्या वर्षांनी माझ्या शेजारी बसला होतास, मला बरं वाटत होतं. मग ती बाहेर आली. कानाला चीर पडलेली, पाठ थोडी खचलेली. मी तिला ओळखत होतो. ती मान वर करून उभी राहिली, मग तिने मागे झाडीकडे वळून बघितलं. मी तुझ्या दंडावर हात ठेवला. "थांब," म्हटलं. तू कुजबुजलास, "कशासाठी? म्हातारी आहे, वांझ आहे. अशीच काढायची असते ना?" मी पुन्हा म्हटलं, "मागे बघतेय ती. थांब जरा." तू थांबला नाहीस. नेम चांगला लागला, ती जागीच पडली. तुझा नेम लहानपणापासूनच चांगला.

खाली बोल्टेकाका आले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण गोळीचा आवाज झाला की अजून सगळ्यांच्या आधी हजर. त्यांनी तिला उताणी केली, कास दाबली आणि बोटं तुझ्या नाकासमोर धरली. पांढरं दूध. "काय रे गाश्पर," म्हणाले, "तुमच्या लुब्लियानात दूध पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतं, म्हणून ओळखता येईना होय?" तू चिडलास. "एकटीच होती ती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं." बोल्टेकाका म्हणाले, "डोळ्यांनी बघितलंस, बाळा. बुड टेकून बघितलं नाहीस." मी फरची डहाळी मोडून तिच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास. दुसरी डहाळी शिकाऱ्याचा मान म्हणून तुझ्या टोपीत खोचायची, ती मी खोचली नाही. तुझ्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही.

रात्री पोलोनाने त्याच हरिणीची कलेजी कांद्यात परतली. तू दोन पेले प्यालास आणि तिथेच, टेबलावर, विषय काढलास. आठवतं? ती चुलीशी पाठमोरी उभी होती, दोन पावलांवर. तू मला म्हणालास, जणू ती खोलीत नाहीच: "तिचं आहे कोण? ना नवरा, ना पोर. एकटी बाई. आश्रमात चार माणसांची सोबत तरी मिळेल." एकाच दिवसात दुसऱ्यांदा तू 'एकटी' हा शब्द उच्चारला होतास. ती वळली, तवा घेऊन तुझ्याजवळ आली आणि म्हणाली, "गाश्पर, आणखी घे. कांदा गोड झालाय." तू घेतलंस.

दुसऱ्या दिवशी तू निघून गेलास. मागचं निस्तरणं माझ्याकडे आलं. मी कुरणावर जाऊन बसू लागलो. हरिणी जिथे पडली तिथलं गवत अजून दबलेलं होतं. पहिल्या संध्याकाळी काही आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी झाडीत हालचाल झाली, पण बाहेर कोणी आलं नाही. परतताना तिच्याकडे डोकावलो की पोलोना दारातच विचारायची, "आलं का ते?" मी नकाराची मान हलवायचो. तिसऱ्या संध्याकाळी खालून चर्चची घंटा वाजली, मी टोपी काढली, आणि प्रार्थनेतून डोळे उघडतो तर पाडस बाहेर येऊन उभं होतं. बरोबर त्या दबलेल्या गवतात. वास घेत होतं. मग बारीक आवाजात ओरडलं आणि कान टवकारून थांबलं, उत्तराची वाट बघत. कुठे जायचं ते त्याला दुसरं माहीतच नव्हतं. जिथे आई शेवटची दिसली, तिथेच परत यायचं, एवढंच त्याला ठाऊक.

मला जे करणं भाग होतं ते मी केलं. त्याच्याही तोंडात डहाळी ठेवली. तिथेच गुडघे टेकून 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायला लागलो आणि अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीपाशी अडलो. त्या दिवसापासून रोज तिथेच अडतो आहे, गाश्पर. चर्चमध्ये सगळे म्हणतात तेव्हा मी नुसते ओठ हलवतो.

खाली उतरून तिच्या दारात थांबलो तेव्हा पोलोनाने विचारलं, "आलं?" मी म्हटलं, "आलं." मग ती बराच वेळ एकच बरणी धूत राहिली.

तुला बसथांब्याजवळचं लिंडेनचं झाड आठवतं? पोलोना शहरातल्या फर्निचरच्या कारखान्यात जायची, तेव्हा तू चार-पाच वर्षांचा होतास. संध्याकाळची बस यायच्या कितीतरी आधीपासून तू त्या झाडाखाली जाऊन उभा राहायचास. पाऊस असो, वारा असो. आई हाका मारून थकायची, मग मला पाठवायची, मी तुला ओढायचो आणि तू माझ्या हाताला चावायचास. "पोलोनका येणार आहे!" हे एकच वाक्य, तेही तिच्या लाडक्या नावाने. ती उतरली की तिच्या स्कर्टात तोंड खुपसायचास. आईला हे आवडत नसे. तुला तिच्यापासून सोडवून घेत ती म्हणायची, "पुरे आता, लोक बघतात." लहान भाऊ बहिणीला बिलगला, तर लोकांनी काय बघायचं होतं?

आता निरोप. परवा पोलोनाने ट्रंक भरायला काढली. मला म्हणाली, "त्याला लिही, मी आनंदाने जातेय. त्याच्या मनाला लागता कामा नये. आणि ख्रिसमसला नेहमीसारखा ये म्हणावं, जायच्या आधी त्याच्यासाठी अक्रोडाचा गोड पाव, पोटिट्सा, भाजून ठेवेन." हा तिचा निरोप, शब्दाला शब्द. तो मी पोचवला.

यापुढचं माझं. आई मरताना तिने पोलोनाला आणि मला क्रूसावर हात ठेवून एक शपथ घ्यायला लावली होती. ती मी आज मोडतो आहे. पाद्रीबाबांना विचारायला गेलो नाही, कारण ते नको म्हणाले असते, आणि मग मला त्यांचंही न ऐकण्याचं पाप लागलं असतं. मी आठ वर्षांचा होतो, पोलोना सतराची. त्या हिवाळ्यात पोलोनाला शिवण शिकायला मावशीकडे गोरित्साला पाठवलं होतं. आईही तिच्या सोबतीला म्हणून तिकडे जाऊन राहिली, आणि वसंतात दोघी परतल्या त्या तुला घेऊन. आई पलंगावर पडली. गावच्या बायका बाळंतिणीसाठी कोंबडीचं सूप आणि पांढरा पाव घेऊन आल्या, तुझ्या नाकाचं कौतुक करून गेल्या. मी उरलेला पाव चोरायला कोठीच्या खोलीत शिरलो. तिथे अंधारात, पिठाच्या पेटीवर, पोलोना बसली होती. तिची चोळी समोरून ओली होती आणि तू तिच्या छातीशी होतास. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तेव्हा मला काही कळलं नाही. मोठा झाल्यावर, पहिल्यांदा हरिणीची कास दाबून बघायला शिकलो, त्या दिवशी कळलं. ती एकटी नव्हती, गाश्पर. कधीच नव्हती. तिच्यामागे कोण आहे ते तुला दिसलेलं नव्हतं, एवढंच. तुला क्षमा करणं मला अजून जमलेलं नाही, आणि ती तू मागूही नकोस. ट्रंक भरून दाराशी ठेवलेली आहे. संध्याकाळी ती दिवा लावते आणि खिडकीतून बसच्या रस्त्याकडे बघत बसते. ते पाडस तिसऱ्या संध्याकाळी परत आलं होतं. तू बघ.

तुझाच,
लोव्रोमामा