हवालदाराचा आवाज

३ मार्च, मंगळवार

गेम आला. दुसरा भाग. लेकीनं दप्तर सोफ्यावर फेकलं ते तिथंच, ताट वाढलेलं तसंच गार. हॉलमध्ये टीव्हीतून मी ओरडतोय — 'खाली वाका! भिंतीला धरून चला!' — आणि आतल्या खोलीत मी गळ्याच्या भोकावरची जाळी बदलतोय.

हवालदाराच्या आवाजाचं रेकॉर्डिंग सगळं ऑपरेशनच्या आधीचं. तेव्हा नुसता घसा बसलाय असं वाटत होतं. डायरेक्टर खूश. म्हणाला, 'या खेपेला आवाजात खरखर आलीय, चार लढाया पचवलेला माणूस वाटतो.' कसल्या लढाया. गाठ होती ती.

ही औषधांच्या दुकानातून आली. चप्पल काढता काढता दारातच थबकली. क्षणभर तिला वाटलं असणार, मीच बोलतोय. मग टीव्ही दिसला.

४ मार्च

आजही बोललो नाही.

६ मार्च, शुक्रवार

बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. स्वरयंत्र काढलं, त्याऐवजी घशात बारीकशी झडप बसवलीय. भोकावर बोट दाबायचं, श्वास सोडायचा, की आवाज निघतो. आवाज कसला — रिकाम्या पिंपात कोणी खडे हलवावेत तसं. बाई म्हणतात, 'इथं छान बोलता, घरी का नाही बोलत? रोज बोला, घरच्यांशी बोला.'

बोललो होतो की. घरी आलो त्याच दिवशी. लेकीला विचारलं, 'जेवलीस?' एवढंच. ती उठली, बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. नळ बराच वेळ वाहत होता. त्या दिवसापासून पाटी आणि पेन.

साबणापासून सेनापतीपर्यंत सगळ्यांना आवाज दिला मी. पोरीला जेवलीस का विचारायला नाही उरला.

९ मार्च, सोमवार

दाराआडून तिचा खेळ बघत होतो. माझं दुखणं बाजूला ठेवून बोलायचं तर काम चांगलं झालंय. चौघांची तुकडी — माझा हवालदार, एक डॉक्टर, सुरुंग काढणारी एक बाई आणि नवखा. नवखा म्हणजे खेळणारा. पहिल्या भागात आम्ही बाकीचे तिघं नुसती बुजगावणी होतो, गोळी लागेपर्यंत उभे. आता जीव आलाय. कोणी पडला की डॉक्टर त्याला पट्ट्याला धरून आडोशाला ओढतो. सुरुंगवाली घाबरली की तिचा श्वास ऐकू येतो. हुकूम दिला तर ऐकतात, आणि हुकूम वेडगळ असला तर कुरकुरतात. घरच्यासारखं.

खोटही आहे. शत्रूला धुरातून आरपार दिसतं, आणि आमच्या डॉक्टरला दारातून बाजूला व्हायचं सुचत नाही. नकाशा अवाढव्य, गोष्ट चिमूटभर. लेक हेडफोनवर मैत्रिणीला सांगत होती, 'पहिल्यात जागा कमी होती पण मजा होती गं. इथं नुसतं चाल चाल चालायचं.' पोरीला कळतं.

मग मैत्रिणीनं काहीतरी विचारलं. लेक म्हणाली, 'हो, तेच. माझे बाबा.'

११ मार्च, बुधवार

पुलापाशी पोचली. मला ठाऊक होतं, आज ना उद्या पोचणार.

पुलावर हवालदार मरतो. काही केलं तरी मरतो, तसंच लिहिलंय. त्याच्यामागं तुकडी नवख्याच्या हाती येते आणि खेळ पुढं सरकतो. पण गेम हे सांगत नाही! उलट 'पुन्हा, की पुढे?' असं विचारतो. खेळणाऱ्याला वाटतं, माझंच चुकलं, मीच उशीर केला. मी तेव्हा डायरेक्टरला म्हटलं होतं, 'हे बरं नाही, माणूस जिवाला लावून घेईल.' तो म्हणाला, 'तेच तर हवंय.'

लेक दर वेळी 'पुन्हा'वर बोट ठेवते. पुन्हा म्हणजे पार नदीकाठापासून, कारण मधे कुठं सेव्हच होत नाही. पुन्हा चिखल, पुन्हा तारा, पुन्हा पूल. हेडफोन कानांवर घट्ट.

मी आतच बसलो. मला तो भाग बघवत नाही.

१४ मार्च, शनिवार

अजून पूलच. शाळेतून आली की पूल.

ही म्हणाली, 'अरे, सांग ना तिला, तो मरणारच असतो म्हणून. पोर किती दिवस स्वतःला खात बसणार?' पटलं. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं — तो काही केल्या वाचत नाही. तुझी चूक नाही. पुढे जा. लेकीसमोर धरलं.

तिनं वाचलं. 'माहितीये मला,' म्हणाली, आणि पुन्हा नदीकाठावर गेली.

माहितीये! मग काय चाललंय हे? मला मरताना बघायचंय का तिला, रोज, शाळेतून आल्या आल्या? स्वतःच्या पोरीबद्दल असं मनात येतं, म्हणजे माणूस कुठल्या थराला पोचला. पण येतं. हवालदाराचं बरं आहे. आवाजासकट संपला. मी मागं उरलोय, नुसतं खोकं. त्यातून कफ निघतो, बाकी काही नाही.

स्वयंपाकघरात ही ओट्याला टेकून रडत होती. 'घरात दोन मुकी माणसं आणि मधे मी एकटी बडबडणारी. मला वेड लागेल रे.' मी दारात उभा राहिलो. समजूत घालायला जवळ जावं, तर हातात पाटी.

१५ मार्च

नको वाटतंय सगळं. अंथरुणातून उठलो नाही. बाईंकडे जायचं रद्द केलं.

१९ मार्च, गुरुवार

हेडफोन बिघडले तिचे. आज आवाज टीव्हीतूनच होता.

पाणी प्यायला उठलो होतो, पॅसेजमध्येच ऐकू आलं. स्फोट. मग माझा खोकला. तो खोकला अभिनय नव्हता, आता कळतंय. मग श्वास. मग मी म्हणालो —

'जा ठकू. मागं बघू नकोस. मी आहे.'

कागदावर 'जा नवख्या' होतं. मला पक्कं आठवतंय, 'नवख्या'. ठकू ही आमची. रांगायची तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या चपलेचा एकेक पाय लपवून ठेवायची, तेव्हापासून ठकू. मोठी झाली तशी चिडायला लागली, मग मीही सोडून दिलं.

कधी म्हणालो मी हे? पुलाच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी डॉक्टरांकडून थेट स्टुडिओत गेलो होतो. गाठीचा तुकडा तपासायला हवा म्हणाले होते. एवढंच आठवतं. बाकी दिवस कोरा. एका टेकमध्ये झालं आणि कोणी टोकलं नाही.

पुढं होऊन बघितलं. लेक लढतच नव्हती. बंदूक खाली, गोळ्या येतायत, आणि ती टीव्हीच्या पार जवळ जमिनीवर बसून आवाज वाढवत होती. 'मी आहे' संपलं की थांबायची. मग पुन्हा नदीकाठ.

तिनं वळून बघितलं. मी दिसलो. मी पाटी आणायला आत आलो आणि परत बाहेर गेलोच नाही.

२० मार्च

लोक गेमबद्दल काय लिहितायत ते मोबाइलवर शोधलं. तुकडीची हालचाल — कौतुक. धुरातून दिसणारा शत्रू — शिव्या. एकानं खोड काढलीय: 'मरताना हवालदार कुण्या ठकूला हाक मारतो. ही ठकू कोण, हे गेम शेवटपर्यंत सांगत नाही. ढिसाळ लेखन.'

हसू आलं. भोकातून शिट्टी वाजली. ही धावत आली, तिला वाटलं मी गुदमरलोय. तिच्यापुढं मोबाइल धरला. वाचता वाचता ती पलंगाच्या कडेवर बसली.

२२ मार्च, रविवार

लेक माझ्या खोलीत आली. म्हणाली, 'गेम काढून टाकला.'

मी पाटीवर लिहायला घेतलं, तर तिनं पाटी काढून घेतली. 'आता तू म्हण.'

भोकावर बोट दाबलं. म्हटलं. खडे वाजले. ती उठून गेली नाही.

'टकू नाही, ठकू,' म्हणाली. 'परत.'