गाडीवरची जागा कुणालाच न देण्याबाबत

मी, केवळाबाई येडबा गडदे, वय पन्नाशीच्या पुढे-मागे, धंदा घंटागाडीवर कचरा गोळा करणे, राहणार सोनपेठ, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र अर्जनवीस दत्तराव यांच्याकडून लिहवून घेत आहे. माझे पोट फुगले आहे, डोळे पिवळे झाले आहेत, पण डोके जागेवर आहे. लिहून दे म्हणून कुणी दाब दिलेला नाही. उलट लिहू नको म्हणूनच सगळे मागे लागले आहेत.

१. घर. पत्र्याच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. रस्त्याकडची मुलगा बबलू याला आणि आतली मुलगी शिवकन्या हिला. बबलू म्हणतो, "पोरीला कशाला खोली? ती लग्न करून जायचीच की." ती जाईल, खोली तर कुठे जात नाही. खोली तिचीच राहील.

२. भांडी शिवकन्येला. फक्त माझ्यासाठी वेगळा काढलेला स्टीलचा पेला सून प्रियांका हिला द्यावा. मला झालेली 'ब' कावीळ रक्तातून लागते, पेल्यातून नाही, हे मोठ्या दवाखान्यात तिला माझ्यासमोर समजावून सांगितले. तिने मान डोलावली आणि घरी येऊन पेल्याला ओळखीसाठी दोरा बांधला. आता तिनेच त्यात चहा प्यावा.

३. शेळ्या शिवकन्येला. आम्ही पहिल्यापासून शेळ्या-मेंढ्या राखणारी माणसे. गाडीवर लागले तरी शेळ्या सुटल्या नाहीत. कचऱ्यात भाजीचे देठ, शिळी भाकर येते, ती निवडून घरी न्यायची ही गाडीवरच्या आम्हा बायांची रीतच आहे. पिशवीत काय आहे ते चाचपून बघावे लागते, आणि मुकादम बन्सीधर याने दिलेले हातमोजे पहिलवानाच्या मापाचे. त्यात देठ कोणता आणि काच कोणती, काही कळत नाही. म्हणून उजवा मोजा काढायचा. सगळ्याच काढतात. तसाच मी हात घातला आणि पालकाच्या देठांखालची सुई बोटात शिरली. पदराने बोट पुसले आणि पुढच्या दारात गेले. तर शेळ्यांना बाभळीचा पाला घालावा. कचऱ्यातला एक देठही घालू नये.

४. माझी लोखंडी आकडी गाडीचा ड्रायव्हर रामहरी याला. पिशव्या तिनेच ओढाव्यात. मात्र टीबीचे औषध घेऊन नुकता बरा झालेला हा माणूस अजूनही तोंडाचा रुमाल हनुवटीवर बांधून फिरतो. त्याला आकडीचा काय उपयोग होणार, देव जाणे.

५. गाडीवरची जागा. ही माझी मालमत्ता नाही, ती लिहून देता येत नाही, असे दत्तराव तीन वेळा म्हणाले. मला ठाऊक आहे. पण आमच्याकडे आई पडली की जागेवर लेक जाते, आणि मी खाट धरल्यापासून शिवकन्या बदलीवर जात आहे. नको म्हटले तर म्हणते, "आई, जागा गेली तर पुन्हा कोन देनार हाय? तू न्हाई का केलंस?" अगं, मी केले म्हणूनच तर सांगते! बरं, जायचेच तर काविळीच्या लसीचे तीनही डोस घेऊन जा, तर म्हणते खाडा पडला की जागा जाईल. मुकादमाला विचारले तर तो हसतो. "लस? आमाला कुनी दिली व्हती?" मी या लोकांपुढे हात टेकले. माझी जागा मी कुणालाच देत नाही. लस घेतल्याशिवाय शिवकन्येला तर मुळीच नाही.

६. ती सुई ज्यांची, ते डॉक्टर आमच्याच गाडीच्या वाटेवर दवाखाना थाटून बसतात. दवाखान्यांच्या सुयांसाठी वेगळी गाडी येते. तिचा खर्च नको म्हणून हे सुया भाजीच्या कचऱ्यात दडवून आम्हाला देतात. त्यांचे नाव: (खोडले आहे).

खोडण्याबाबत खुलासा. मृत्युपत्राला डॉक्टरचा दाखला लागतो, म्हणून दत्तरावांनी जवळचे म्हणून नेमके त्यांनाच आणले. कलम वाचून ते म्हणाले, "बाई, असलं लिहिल्यावर तुमचं डोकं ठिकाणावर आहे असं मी कसं लिहू?"

मी म्हणाले, "नगा लिहू. उद्या ह्या कागदाची झेरॉक्स घंटागाडीसंगं दारोदार जाईल."

ते स्टुलावर बसले. ठरले ते असे, की नाव खोडायचे आणि शिवकन्येला तीनही डोस त्यांनी द्यायचे. एक जरी चुकला तर दत्तरावांनी नाव परत लिहावे, मोठ्या अक्षरात.

पहिला डोस आज माझ्या खाटेपाशी दिला. देऊन झाल्यावर डॉक्टरांनी सुई सवयीने आमच्या कचऱ्याच्या बादलीत टाकली, आणि शिवकन्या सवयीने उघडा हात घालून ती काढायला वाकली. मी एवढ्या जोराने ओरडले की शेजारची बायनाबाई धावत आली. सुई डॉक्टरांनाच काढायला लावली.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते मला कबूल आहे.

निशाणी डावा अंगठा: केवळाबाई येडबा गडदे

साक्षीदार: १. रामहरी (रुमाल वर घेऊन सही केली) २. बायनाबाई

सोनपेठ, दि. ९ जानेवारी २०२५

दाखला: बाईंना तपासले. त्या पूर्ण शुद्धीवर असून त्यांना सर्व समजते.
डॉक्टरांची सही, पूर्ण नाव व दवाखान्याचा शिक्का